बाबांची मिस्सा आणि बाबांच्या आठवणी : दोन्हींना आपापली जागा द्या

वडील गेल्यावर परदेशातल्या कॅथलिक मराठी घरात पहिला खटका बहुतेक वेळा भाषणावरून उडतो. मुलांनी रात्रभर जागून चार पानं लिहिलेली असतात आणि पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) ऑफिसातून निरोप येतो : मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीत, भाषण शक्यतो नको, करायचंच तर तीन मिनिटं, आणि मजकूर आधी दाखवा. ज्या माणसाने आयुष्यभर त्या चर्चची सेवा केली त्याच्याबद्दल चार शब्द बोलू देत नाहीत, म्हणून घरचे दुखावतात. पण हा फादरांचा स्वतःचा लहरी नियम नसतो. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमधला ३८२ वा परिच्छेद सांगतो की अंत्यविधीच्या मिस्सेत छोटं प्रवचन असावं, पण ते मृताचं गुणगान नसावं. अंत्यविधीच्या ग्रंथात घरच्या एका व्यक्तीला आठवणीचे शब्द बोलायची मुभा आहे. त्याची जागा ठरलेली आहे : कम्युनियननंतरची (पवित्र भाकर घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, अखेरचा निरोपविधी सुरू होण्यापूर्वी. ही मुभा कशी वापरायची हे धर्मप्रांत आणि पॅरिश ठरवतात. कुठे पाच मिनिटं मिळतात, कुठे तीन, कुठे अजिबात नाही.

यामागचं कारण नीट लक्षात घेतलं तर राग निवतो. मिस्सा बाबांबद्दल नसते, बाबांसाठी असते. आपण तिथे त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला जमतो. ‘ते आता स्वर्गात पोचलेच आहेत’ असं व्यासपीठावरून जाहीर केलं की लोकांनी प्रार्थना कशासाठी करायची, हा प्रश्न उरतो. श्रद्धाळू कॅथलिक माणसाला स्वतःसाठी काय हवं असतं? त्याला विचारलं असतं तर त्याने बहुधा हेच सांगितलं असतं : माझी स्तुती करू नका, माझ्यासाठी मिस्सा द्या.

म्हणून सगळं आयुष्य त्या तीन मिनिटांत कोंबायचा हट्ट सोडा. कॅथलिक अंत्यविधीचे तीन टप्पे असतात : आदल्या संध्याकाळची जागरण-प्रार्थना, चर्चमधली मिस्सा आणि दफनभूमीवरचा विधी. यापैकी आठवणींसाठी सगळ्यांत मोकळी जागा म्हणजे जागरण-प्रार्थना. ती फ्युनरल होममध्ये, घरी किंवा चर्चमध्ये होऊ शकते. तिथे दोघं-तिघं बोलू शकतात, मराठीत बोलू शकतात, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) मराठीत म्हणता येते, बाबांच्या आवडीचं गाणं लावता येतं. दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी आणखी बोलता येतं. फोटोंचा स्लाइड शोही तिथेच शोभतो.

फादरांना किंवा पॅरिशला पहिला फोन करण्यापूर्वी एका कागदावर एवढं लिहून ठेवा : बाबांचं स्नानसंस्काराचं (बाप्तिस्म्याचं) नाव, रोजच्या वापरातलं नाव आणि त्याचा उच्चार, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, लग्नाची तारीख, आईचं नाव, मुलं-सुना-जावई-नातवंडांची नावं, पॅरिशमध्ये त्यांनी कोणती कामं केली, शेवटचा तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) आणि कम्युनियन कधी झालं. पुष्कळदा फादर बाबांना ओळखतच नसतात, कारण बाबा मुलांकडे राहायला येऊन वर्षही झालेलं नसतं. हा कागद हातात असला तर प्रवचनात त्यांचं नाव बरोबर घेतलं जातं आणि दोन खऱ्या गोष्टी येतात. उच्चार देवनागरीत लिहून उपयोग नाही. त्या देशाच्या भाषेत तोडून लिहा किंवा फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा.

तारीख ठरवताना चर्चचं पंचांग आधी बघा. पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे, पवित्र शनिवार, आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे), उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे) आणि पास्काकाळातले (ईस्टर आणि त्यानंतरच्या आठवड्यांतले) रविवार, आणि ज्या सणांना मिस्सा बंधनकारक असते ते दिवस, या दिवशी अंत्यविधीची मिस्सा होत नाही. दफन करावंच लागलं तर मिस्सेविना विधी होतो आणि मिस्सा पुढच्या मोकळ्या दिवशी ठेवतात. विमानाने येणाऱ्या नातेवाइकांची तिकिटं काढून झाल्यावर हे कळलं तर गोंधळ होतो. उपवासकाळात आणखी एक अडचण येते : आलेलुया गात नाहीत. बाबांचं आवडतं भक्तिगीत आलेलुयाचं असेल तर त्या काळात दुसरं निवडा.

वाचनं निवडताना घरच्यांना बराच वाव असतो आणि इथे वेळ घालवणं सार्थकी लागतं. एक वाचन जुन्या करारातून, मग स्तोत्र, मग नव्या करारातून दुसरं, शेवटी शुभवर्तमान. पास्काकाळात पहिलं वाचनही नव्या करारातून घेतात. शुभवर्तमान फादर किंवा डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) वाचतात, बाकीची दोन घरचे वाचू शकतात. कवितेला किंवा एखाद्या सुंदर उताऱ्याला बायबलच्या वाचनाची जागा देता येत नाही. तो जागरण-प्रार्थनेला वाचा.

निवड करताना ‘सगळ्यांना आवडेल ते’ असा विचार करू नका, बाबांचं आयुष्य समोर ठेवा. आजाऱ्यांना भेटायला जाणारा, कुणाला घरभाडं भरायला मदत करणारा माणूस असेल तर मत्तय २५:३१-४६, भुकेल्याला अन्न आणि परक्याला आसरा देणारा उतारा. दीर्घ आजार शांतपणे सोसलेला असेल तर ईयोब १९ मधला ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ हा भाग किंवा रोमकरांस पत्र ८:३१-३९ मधली निवडलेली वचनं. दोन देशांत आयुष्य गेलेल्या माणसाला योहान १४:१-६ शोभतं, कारण त्यात पित्याच्या घरात पुष्कळ खोल्या असल्याचं वचन आहे. ज्ञानग्रंथ ३:१-९ हे वाचन अंत्यविधीला फार वेळा निवडलं जातं : नीतिमानांचे आत्मे परमेश्वराच्या हाती आहेत.

इथेच एक खाच आहे. ऑनलाइन सहज मिळणारं मराठी बायबल बहुतेक प्रोटेस्टंट आवृत्तीचं असतं. त्यात ज्ञानग्रंथ नाही आणि मक्काबीचे ग्रंथही नाहीत. आदल्या रात्री शोधायला गेलात तर उतारा सापडणारच नाही. कॅथलिक आवृत्तीतून तो आधीच उतरवून घ्या. चर्चमध्ये वाचन स्थानिक भाषेत होणार असेल तर पॅरिशच्याच वाचनग्रंथातून वाचा, घरून छापलेल्या कागदावरून नको, आणि पुस्तिकेत शेजारी मराठी मजकूर छापा. आजीला आणि आलेल्या वडीलधाऱ्यांना त्याचा मोठा आधार वाटतो.

वाचायला कोण? जो सगळ्यांत जास्त रडेल असं वाटतं त्याला आग्रह करू नका. एक राखीव वाचक ठरवून ठेवा आणि त्याला तोच उतारा दोनदा मोठ्याने वाचायला लावा. मिस्सेच्या अर्धा तास आधी माइकसमोर उभं राहून उंची बघा. वाचताना ‘पहिलं वाचन’ किंवा उताऱ्याचा क्रमांक म्हणायचा नसतो. ‘प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातून’ एवढ्यावर सुरुवात करायची.

सून किंवा जावई कॅथलिक नसेल तर त्यांची भूमिका आधी बोलून घ्या, ऐन वेळी कुणाचं मन दुखावू नका. मिस्सेतलं बायबल-वाचन सहसा कॅथलिक व्यक्तीकडेच देतात. जावयाला शवपेटीला खांदा देता येतो, सुनेला पेटीवर पांढरं वस्त्र पसरायला इतरांबरोबर उभं राहता येतं, जागरण-प्रार्थनेला वाचता येतं, आठवणीचे शब्द बोलता येतात. कम्युनियनच्या वेळी कॅथलिक नसलेल्यांनी काय करायचं हे पुस्तिकेत साध्या वाक्यात लिहा : बाकावर बसून राहावं, किंवा त्या पॅरिशची पद्धत असेल तर छातीवर हात दुमडून आशीर्वादासाठी पुढे यावं. ओळीत उभं राहिल्यावर कुणाला परत पाठवावं लागणं हा दोन्ही बाजूंना त्रास असतो.

पेटीवर काय ठेवायचं यावरूनही वाद होतात. स्नानसंस्काराची आठवण म्हणून पेटीवर पांढरं वस्त्र घालतात, जवळ पास्काची मेणबत्ती लावतात, पवित्र पाणी शिंपडतात. पेटीवर क्रूस किंवा बायबल ठेवता येतं. फोटो, क्रिकेटची टोपी, पदकं, झेंडा हे चर्चच्या आत पेटीवर नको. प्रवेशदारापाशी किंवा हॉलमध्ये एक टेबल लावा. आणि हातातल्या रोझरीचा निर्णय पेटी बंद होण्यापूर्वी घ्या. फ्युनरल होमवाले विचारतात : पुरायची की परत द्यायची? रोजच्या वापराची, मणी झिजलेली माळ घरी ठेवा आणि दुसरी साधी माळ हातात द्या, असं आमचं मत. त्या माळेला पुढे नातवंडं हात लावतील. लग्नाच्या अंगठीबाबतही आईला आधीच विचारा.

मराठी भक्तिगीत गायचं असेल तर ऑर्गन वाजवणाऱ्याला किमान तीन-चार दिवस आधी स्वरलिपी किंवा ध्वनिमुद्रण, पट्टी आणि शब्दांचा अर्थ पाठवा. मिस्सेत सहसा ध्वनिमुद्रित गाणं वाजवू देत नाहीत, म्हणून गाणारे दोन-तीन जण हवेत. कम्युनियननंतरची शांत वेळ यासाठी उत्तम. भाविकांच्या प्रार्थना मात्र दोन-तीन भाषांत सहज होतात. तिथे नातवंडांना एकेक वाक्य द्या. दहा वर्षांच्या मुलाला मराठीतलं एक वाक्य पाठ करणं जमतं, पानभर वाचणं जमत नाही.

आता त्या तीन मिनिटांबद्दल. सावकाश बोललं तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात. ‘बाबा अतिशय श्रद्धाळू, प्रेमळ आणि कष्टाळू होते’ हे वाक्य कुणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येतं, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या मनात राहत नाही. त्याऐवजी असं काही लिहा : ‘रात्रपाळी संपली की बाबा घरी न येता थेट सकाळच्या मिस्सेला जायचे. कामाचेच बूट पायात असायचे म्हणून शेवटच्या बाकावर बसायचे. फरशीवर डाग नको, असं म्हणायचे.’ यात श्रद्धा हा शब्द एकदाही आलेला नाही, तरी माणूस दिसतो. एक गुण घ्या, त्याला दोन प्रसंग द्या, आईचे आणि सेवा करणाऱ्यांचे एका वाक्यात आभार माना, आणि शेवट ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ या विनंतीने करा. डिग्र्या, नोकऱ्या, पदं यांची यादी पुस्तिकेच्या मागच्या पानावर जाऊ द्या. घरातल्या जुन्या भांडणाचा किंवा आजारातल्या तपशिलांचा उल्लेख नको. कागदावर सोळा-अठराच्या टाइपात, ओळींत दुप्पट अंतर ठेवून छापा. घड्याळ लावून उभं राहून वाचा, बसून वाचलेलं नेहमी कमी वेळाचं भरतं. गळा दाटला तर पुढचं वाचायला कोण येणार तेही ठरवा.

प्रसंग सापडत नाहीत अशी तक्रार असते. ते बाबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात शोधा. त्यात मधेमधे घातलेली संतांची चित्रं, कुणाकुणाची मृत्युकार्डं (मृताच्या स्मरणार्थ छापलेली छोटी कार्डं), एखाद्या आजाऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी, कोपरा मुडपलेलं पान, बोटांनी काळवंडलेली कड. कोणत्या नोवेनाचं (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं) पान सगळ्यांत जास्त झिजलं आहे ते बघा. मृत्युकार्डांवरची नावं आईला विचारा. यांच्यासाठी बाबा रोज का प्रार्थना करत होते, या एका प्रश्नातून तास-दोन तासांच्या गोष्टी निघतात. हे पुस्तक कुणी नीट लावायला घेण्यापूर्वी प्रत्येक पानाचा आणि चिठ्ठीचा फोटो काढा, कोणती चिठ्ठी कोणत्या पानात होती तेही कळेल असा. घर आवरताना सर्वांत आधी हरवतं ते हेच.

दुसरा भक्कम पुरावा स्नानसंस्काराच्या नोंदवहीत असतो. कॅथलिक पॅरिशच्या त्या वहीत मूळ नोंदीच्या बाजूला दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न यांच्याही नोंदी करतात, म्हणजे एका ओळीत अर्धं आयुष्य मिळतं. जिथे स्नानसंस्कार झाला त्या पॅरिशला पूर्ण नाव, आईवडिलांची नावं आणि अंदाजे वर्ष लिहून ‘बाजूच्या नोंदींसह’ दाखला मागा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं निघेल, त्याने गडबडू नका. दोन्ही लिहून ठेवा.

वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमावर मृत्युवृत्त देताना पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव आणि घराचा पत्ता देऊ नका. पहिल्या दोन गोष्टी ओळखचोरीला उपयोगी पडतात, आणि पत्त्यासोबत मिस्सेची वेळ दिली की घर रिकामं कधी असेल ते चोराला कळतं. वर्षं पुरेत. फुलांऐवजी देणगी हवी असेल तर कशासाठी हे स्पष्ट लिहा : बाबा गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेत काम करत असतील तर तिथे, किंवा त्यांच्यासाठी मिस्सा.

दहनाबद्दल गैरसमज फार आहेत. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे, तरी दफनाला प्राधान्य आहे आणि शक्य असेल तिथे शरीर समोर ठेवून मिस्सा करून मग दहन करावं असं सुचवलं जातं. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख विखुरता येत नाही, नदी-समुद्रात सोडता येत नाही, भावंडांत वाटता येत नाही, लॉकेटमध्ये घालता येत नाही. ती दफनभूमीत किंवा त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी एकत्र ठेवायची असते. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने एवढंच म्हटलं की अगदी थोडा अंश मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवण्याची विनंती स्थानिक धर्माधिकारी विचारात घेऊ शकतात. म्हणजे विनंती करायची, आपलं आपण ठरवायचं नाही. थोडी राख इथे आणि थोडी मायदेशी, असा बेत भावंडं फोनवर करून मोकळी होतात आणि मग फादरांशी वाद घालतात. कलश पूर्ण एका जागी ठेवा आणि दुसऱ्या ठिकाणी मिस्सा आणि नावाची पाटी करा.

छापील मराठीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण चूक इथेच होते आणि ती कायमची राहते. परदेशातल्या छापखान्यात देवनागरी मजकूर ईमेलने पाठवला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारते, जोडाक्षरं सुटतात, रफार गळतो. ‘ख्रिस्त’, ‘प्रार्थना’, ‘विश्रांती’ या तीन शब्दांवर नजर ठेवा. ते बरोबर आले तर बाकीचं बहुधा बरोबर असतं. मजकूर म्हणून पाठवू नका. स्वतःच्या संगणकावर पान तयार करून फॉण्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा आणि कागदावरचा नमुना बघितल्याशिवाय शंभर प्रतींना हो म्हणू नका.

दगडावर तर आणखी काळजी घ्या. कोरणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसते, तो आकार उतरवतो. म्हणून अक्षरं बाह्यरेषेच्या चित्रात बदलून द्या, नुसता टाइप केलेला शब्द देऊ नका. बारीक टोकांचा फॉण्ट टाळा. ग्रॅनाइटवर अनुस्वाराचा टिंब भरून जातो किंवा दिसतच नाही, आणि नावाचा उच्चारच बदलतो. शिरोरेषा अखंड हवी, अक्षरागणिक तुटलेली नको. मराठी वाचणाऱ्या दोघांनी (त्यातला एक तरी मजकूर लिहिणारा नसावा) पूर्ण आकाराच्या कागदी नमुन्यावर सही करावी. त्याआधी दफनभूमीचे नियम मागवा : दगडाची उंची, अक्षरांची भाषा, फोटोची चौकट यांवर बंधनं असतात. जमीन खचत असल्याने ताज्या कबरीवर बरेच महिने दगड बसवू देत नाहीत, तेव्हा घाई करायचं कारणही नाही.

नातवंडांशी बोलताना ‘आजोबा देवदूत झाले’ असं सांगू नका. कॅथलिक शिकवणीत माणूस देवदूत होत नाही, आणि पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल गोंधळतं. ‘आजोबा मरण पावले, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि पुन्हा भेटण्याची आशा धरतो’ हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. आजोबांनी मराठीत शिकवलेली ‘आमच्या बापा’ किंवा ‘नमो मरिये’ मुलाला आठवते का ते बघा. आठवत असेल तर आताच, अडखळत का होईना, रेकॉर्ड करा.

पुढच्या वर्षभराचं वेळापत्रक पहिल्याच महिन्यात लावून टाका. तिसावा दिवस, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्धाची मिस्सा. एका देणगीला एकच मिस्सा असा चर्चचा नियम आहे, म्हणून प्रत्येक तारखेची नोंद वेगळी करावी लागते, आणि पुष्कळ पॅरिशमध्ये वर्षाची वही उघडली की चांगल्या तारखा आठवड्याभरात संपतात. रविवारी एक मिस्सा पॅरिशच्या सगळ्या लोकांसाठी राखीव असते, त्यामुळे जागा आणखी कमी. आठवड्यातला एखादा दिवस घेतलात तर लवकर मिळते. ग्रेगोरियन मिस्सा द्यायच्या असतील तर त्या सलग तीस दिवस, रोज एक अशा एकाच मृतासाठी असतात. पॅरिशला हे सहसा जमत नाही. मठात किंवा धर्मसंघाकडे विचारा.

नोव्हेंबरची नोंद कॅलेंडरवर ठळक करा. २ तारखेला सर्व मृतांचा स्मृतिदिन असतो आणि महिनाभर चर्चमध्ये मृतांच्या नावांची वही ठेवलेली असते. बाबांचं नाव नातवंडाच्या हाताने लिहू द्या. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केली, आणि त्यासोबत कन्फेशन, कम्युनियन आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना केली, तर मिळणारी पूर्ण इंडल्जन्स (पापाच्या शिक्षेतून सूट) शुद्धीस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यासाठी देता येते. ती भेट कुठल्याही दफनभूमीला चालते. बाबांची कबर मायदेशी आणि तुम्ही सातासमुद्रापार, अशी स्थिती असेल तर तुमच्या शहरातल्या दफनभूमीत मुलांना घेऊन जा आणि तिथे बाबांच्या नावाने प्रार्थना करा.